सरळच हाय की ओ!

नांदेडात काय नि लातुरात काय, नवा योगवर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात एक संवाद ठरलेला. त्रिकोणासन चालू असतं. पाय फाकवलेले, एक हात खाली घोट्याकडे, दुसरा आभाळाकडे. शिक्षिका म्हणते, “काकू, उजवा गुडघा वाकलाय, सरळ करा.” काकू घामाघूम. मान न वळवता उत्तर येतं, “सरळच हाय की ओ!” काकू खोटं बोलत नसतात, त्यांना तो खरोखर सरळच वाटत असतो. शिक्षिका जवळ येते, विचारून गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट टेकवते आणि तिथला मांडीचा स्नायू वर खेचायला सांगते. गुडघा दोन बोटं मागे जातो, पाय आता सरळ झालेला असतो. काकूंना मात्र वाटतं, पाय उलटा वाकला!

शेजारी ‘नीट’ची तयारी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा उभा असतो. त्याचे गुडघे ठीक, पण पाठीला पोक आलंय आणि त्यालाही पत्ता नाही. त्याच्या मागे सेवानिवृत्त गुरुजी, गुडघेदुखीवाले. कॉलनीतल्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये चालणाऱ्या वर्गाला माणसं येतात दहा-बारा, त्यामुळे ‘नवशिके’, ‘मधले’, ‘पुढचे’ अशा वेगळ्या तुकड्या करणं परवडत नाही. सगळे एकाच वेळी, एकाच सतरंजीवर.

म्हणजे कोडी दोन झाली. स्वतःचाच पाय, तो वाकलाय की सरळ आहे हे स्वतःलाच कसं कळत नाही? आणि एकोणीसचा मुलगा व पासष्टचे गुरुजी यांना एकाच तासात एकच शिक्षिका नेमकं काय शिकवते? पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं निम्मं हाती येतं.

तागडीतला पासंग

आधी एक प्रयोग करा. उभे राहा, डोळे मिटा आणि दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या रेषेत उचला. अगदी समान पातळीत आले असं वाटलं की थांबा आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. अनेकांचा एक हात वर, एक खाली निघतो. डोळे मिटलेले असताना तुम्ही शपथेवर सांगितलं असतं की दोन्ही सारखे आहेत.

डोळ्यांनी न बघता हात-पाय कुठे आहेत हे कळण्याची शरीराची एक स्वतंत्र जाण आहे. स्नायूंच्या धाग्यांमध्ये बारीक ताणमापक बसलेले असतात, वैद्यकात त्यांना ‘मसल स्पिंडल’ म्हणतात. स्नायू किती लांबला आणि किती वेगाने लांबला याची खबर ते मज्जारज्जूला आणि मेंदूला सतत देत असतात. कंडरांमध्ये ओढ मोजणारे वेगळे संवेदक असतात, शिवाय सांध्यांत आणि त्वचेतही असतात. या सगळ्या खबरा जुळवून मेंदू अंदाज बांधतो की गुडघा अमुक अंशात आहे. तो अंदाजच असतो. वर्षानुवर्षं ज्या ठेवणीत उभं राहिलो, तिलाच मेंदू ‘सरळ’ समजू लागतो.

लातूरच्या आडत बाजारात जुन्या तागडीने माल जोखलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. तागडीत पासंग असला की ती रोज सारखंच चुकीचं तोलते. चूक रोज तेवढीच, म्हणून ती तागडीच्या मालकाला दिसत नाही. बाहेरचा माणूस खात्रीचं वजन घेऊन येतो तेव्हाच पासंग उघडा पडतो. काकूंच्या गुडघ्याचंही तेच. एका पायावर भार देऊन ओट्याशी उभं राहण्यात वीस वर्षं गेली, मेंदूने तीच ठेवण खरी धरली. म्हणून पाय खरोखर सरळ झाला तेव्हा तो उलटा वाकल्यासारखा वाटला.

हा पासंग काढायला मन लावून पुन्हा पुन्हा तेच करणं उपयोगाचं नाही, उलट तो पक्का होतो. घरी व्हिडिओ लावून दोन वर्षं नेमाने योग करणारी माणसं पाठीची तीच चूक दोन वर्षं नेमाने करत असतात, ती यामुळे. आरशाचा फायदा मर्यादित, कारण त्यात बघायला मान वळवली की आसनच मोडतं. भिंत आणि जमीन मात्र खोटं बोलत नाहीत. ताडासनात भिंतीला टाचा, कुल्ले, पाठ टेकून उभे राहा. कुठला खांदा टेकत नाही ते लगेच समजतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याची नजर. शिक्षिकेने बोट टेकवलं की त्वचेकडून मेंदूला ताजी खबर जाते, नेमक्या त्या जागेची. ‘मांडी वर खेचा’ या दहा वेळा सांगितलेल्या वाक्याने जे होत नाही ते त्या एका स्पर्शाने होतं. हात लावण्याआधी विचारणं ही वर्गाची साधी रीत असली पाहिजे, बायकांच्या वर्गात तर विशेषच.

नजरेचा एक फेरा

नजर एवढी महत्त्वाची असेल तर वर्गात माणसं किती असावीत याचं गणित आपोआप मांडता येतं. साधारण माणूस त्रिकोणासनात अर्धा मिनिट टिकतो असं धरू. पहिले दहा सेकंद शिक्षिका स्वतः करून दाखवण्यात आणि सांगण्यात जातात, तेवढा वेळ तिला कुणीही नीट दिसत नाही. उरले वीस सेकंद. एकेका माणसाच्या पायापासून डोक्यापर्यंत नजर फिरवायला दोन सेकंद तरी हवेत. म्हणजे दहा माणसं. दुसऱ्या बाजूचं आसन धरलं तर दोन फेरे मिळतात, त्यात दोन-तीन जणांजवळ जाऊन दुरुस्ती करता येते. तीस जण असले की एकेकाची पाळी तीन फेऱ्यांतून एकदा येते आणि जवळ जायचं राहूनच जातं. छोटा वर्ग म्हणजे दहा-बारा, हा आकडा काही कुणाच्या ग्रंथातून आलेला नाही. माणसाचा दम आणि शिक्षकाची नजर यांच्या हिशेबातून तो निघतो.

याच्या अगदी उलट टोक नांदेडने पाहिलंय. २१ जून २०१९ ला आंतरराष्ट्रीय योग दिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेव बाबा दोघेही होते, आणि समोर जिकडेतिकडे चटयाच चटया. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस जाहीर केला, २०१५ पासून तो पाळला जातो. अशा मेळाव्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही, त्यांचं काम लोकांना एकदा चटईवर आणण्याचं. पण तिथे कुणाचाही गुडघा कुणी बघू शकत नाही हे आयोजकांनाही ठाऊक असतं. म्हणूनच आयुष मंत्रालयाने त्या दिवसासाठी आखलेल्या पंचेचाळीस मिनिटांच्या सामाईक योगक्रमात ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, वक्रासन अशी आसनं आहेत. शीर्षासन नाही, सर्वांगासनही नाही. बिननजरेने केलं तरी फार बिघडणार नाही, एवढंच निवडलेलं.

समूहाने योग करण्याची कल्पना तशी जुनी नाही. गुरूने एका शिष्याला शिकवायचं ही मूळ रीत. विसाव्या शतकात शाळा, आखाडे आणि व्यायामशाळांतून योग आणायचा प्रश्न आला, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर ज्यांनी पद्धतशीर विचार केला त्यांत स्वामी कुवलयानंदांचं नाव पुढचं. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि नौली-उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. त्याच माणसाने १९३६ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी ‘यौगिक संघ व्यायाम’ बेतला, कवायतीच्या हुकमांवर एकदम करता येईल असा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना हुकमाची ती पद्धत सांगायला नको. पन्नास मुलांना शिकवायचं तर आसनं सोपी करा आणि हुकूम एकच ठेवा, हा त्यांचा तोडगा.

दुसरा तोडगा पुण्यात सापडला, आणि आपल्या गच्चीवरच्या वर्गाला जास्त कामाचा तोच आहे.

कुणाची पातळी, कशातली पातळी?

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, अठराव्या वर्षी पुण्याला आले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेलं शरीर, मराठी येत नव्हती, काही महिन्यांसाठी शिकवायला म्हणून आले आणि पुणेकर झाले. १९६६ साली इंग्रजीत निघालेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा क्रमांक दिलेला आहे, एक ते साठ. ताडासनाला एक. म्हणजे पायऱ्यांची शिडी त्यांनीच मांडली. आणि पुढे वर्गात त्यांनीच ती मोडली. खुर्ची, पट्टा, वीट, लोड, भिंतीतले दोर यांचा आधार देऊन वरच्या पायरीवरचं आसन खालच्या पायरीवरच्या माणसाला करता येईल अशी सोय त्यांनी लावली. १९७५ मध्ये पुण्यात उभी राहिलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था या साधनांसाठीच जगभर माहीत आहे.

साधनांपेक्षा त्यामागचा विचार मला मोठा वाटतो. आपण ‘पातळी’ म्हणतो तेव्हा एकच शिडी डोळ्यांपुढे असते: नवखा खाली, तरबेज वर. मराठवाड्यातल्या वर्गात ही समजूत पहिल्याच दिवशी कोसळते. शिक्षिकेने ‘सगळ्यांनी उकिडवं बसा’ म्हटलं की आयुष्यभर खुरपणी केलेली साठीची मावशी टाचा टेकवून निवांत बसते आणि गप्पाही मारते. जिमला जाणारा दंड फुगवलेला मुलगा धपकन मागे पडतो. लगेच ‘दोन्ही हात कानाला लावून वर’ म्हटलं की पारडं फिरतं. मुलाचे हात सरळ वर, मावशीचे कोपरातून वाकलेले, खांदे आखडलेले.

मुलगा का पडतो? उकिडवं बसताना नडगी पावलाच्या पुढे झुकावी लागते. घोट्यात तेवढी लवचीकता असेल तर शरीराचा भार तळपायावर येतो. घोटा आखडलेला असेल तर नडगी उभीच राहते, बूड टाचेच्या मागे लटकतं आणि भार मागे गेला की माणूस गेला. यात ताकदीचा संबंध नाही. खुर्ची, बाक आणि कमोड यांच्यात वाढलेल्या घोट्याला तो कोन कधी लागलाच नाही, एवढंच. टाचेखाली सतरंजीची गुंडाळी सारली की तोच मुलगा दुसऱ्या मिनिटाला बसतो. मावशीच्या खांद्यांची गोष्ट वेगळी. तिचं सगळं काम कमरेच्या उंचीवर नाहीतर जमिनीलगत, हात पूर्ण वर जायचा प्रसंगच कमी. त्यात मधुमेह असला तर खांदा आखडण्याचं प्रमाण आणखी वाढतं. तिने भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत जायचं, रोज जमेल तेवढं.

म्हणजे वर्गातला प्रत्येक जण एका बाबतीत पुढचा आणि दुसऱ्या बाबतीत नवशिका असतो. सरसकट ‘बिगिनर’ची पाटी लावून दोघांना एका तुकडीत टाकलं असतं तरी दोघांनाही वेगवेगळंच सांगावं लागलं असतं. छोट्या वर्गात शिक्षिकेला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे पाठ झालेलं असतं: यांचे खांदे, त्यांचे घोटे, गुरुजींचे गुडघे. मग एकच आसन ती तीन रूपांत मांडते आणि कुणी कुठलं रूप घ्यायचं ते नावाने सांगते.

चादरीची चार बोटं

एकच उदाहरण नीट बघू. पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं. सगळ्यांना हे आसन ‘पायाचे अंगठे धरणे’ म्हणून माहीत असतं आणि त्यामुळेच ते बिघडतं.

मांडीच्या मागचे स्नायू गुडघ्याच्या खालून निघून थेट बैठकीच्या हाडांना, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या तळाला जाऊन चिकटतात. पाय सरळ पसरून बसलं की ते ताणले जातात. आखूड असतील तर बैठकीची हाडं पुढे ओढतात आणि ओटीपोटाचा सगळा सांगाडा मागे कलतो. लातूरच्या क्लासेसमध्ये दिवसाला दहा-बारा तास बाकावर काढणाऱ्या मुलांचं हेच होतं. पाय पसरून बसवलं तरी पोक येतं. आता अशा स्थितीतून जबरदस्तीने अंगठे धरले तर वाकणं खुब्यातून होतच नाही, सगळं कमरेच्या मणक्यांवर येतं. अंगठे हाताला लागतात, कौतुक होतं, आणि कंबर दुखायला लागते.

उपाय अगदी घरगुती. चादरीची चार बोटं जाडीची घडी बुडाखाली घ्यायची. बैठक उंच झाली की ओटीपोट पुढे कलतं, पाठ आपोआप उभी राहते. गुडघे थोडे वाकवले तर आणखी सोपं, कारण मागच्या स्नायूंना ढिलाई मिळते. तळव्यांना ओढणी अडकवून तिची टोकं धरायची आणि छाती पुढे न्यायची. डोकं गुडघ्याला लावायचं नाव काढायचं नाही. खुरपणीवाल्या मावशीचे मागचे स्नायू आधीच लांब असतात, ती घडीशिवाय सहज वाकते. तिला उलट सांगावं लागतं की कमरेतून कमी आणि खुब्यातून जास्त. गुरुजींना जमिनीवर बसणंच अवघड, ते खुर्चीत बसून पाय समोर पसरतात आणि हात पुढच्या दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवतात. त्यांच्याकडे बघून ‘हे काय आसन झालं?’ असं म्हणणारे असतात. वाकण्याची जागा खुबा आहे आणि पाठ लांब आहे, तर ते तेच आसन आहे.

शेजारच्या वहिनींचं डोकं गुडघ्याला लागलं!

समूहाचा एक तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. माणूस शेजारी बघतो. शेजारी वहिनी घडी होऊन पडल्यात म्हटल्यावर आपणही एक हिसका देतो. इथे मघाचे ताणमापक दुसरं काम करतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच संवेदकांमुळे. स्नायू अचानक ताणला गेला की खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि मेंदूला विचारण्याआधीच, सेकंदाच्या काही शतांशांत, ‘आकस’ असा हुकूम परत येतो. म्हणजे हिसका देऊन आपण ज्या स्नायूला लांबवू बघतो तोच त्या क्षणी आखडतो. लचक भरते ती अशाच रस्सीखेचीत. सावकाश गेलं तर हा हुकूम फारसा येत नाही. ‘हळूहळू’ हे शिक्षिकेचं पालुपद शिस्तीचं नसून शरीरशास्त्राचं आहे.

आणि चार-सहा आठवड्यांत लवचीकपणा वाढलेला दिसतो तो बहुतांशी स्नायू लांबल्यामुळे नव्हे. गेल्या काही दशकांतल्या अभ्यासांतून असं दिसतं की सुरुवातीच्या आठवड्यांत मुख्यतः ताण सोसण्याची तयारी वाढते. स्नायू तोच, तेवढाच. मज्जासंस्था पूर्वी जिथे ‘बास’ म्हणायची तिथे आता म्हणत नाही. त्यामुळे वहिनींशी तुलना निरर्थक ठरते. त्यांचं ‘बास’ कुठे आहे आणि तुमचं कुठे, हे बाहेरून दिसत नाही.

पहाटेचा वर्ग आणि मणक्यांतलं पाणी

एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो. सात वाजता गच्ची तापायला लागते, म्हणून वर्ग साडेपाचला. उन्हाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, कमरेच्या दृष्टीने थोडं जपून.

दोन मणक्यांमध्ये जी चकती असते ती पाणी धरून ठेवते. दिवसभर उभं राहून, बसून तिच्यातलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं. रात्री आडवं झालं की ती पुन्हा शोषून घेते. सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो, ते यामुळे. फुगलेली चकती वाकायला जास्त विरोध करते, म्हणून उठल्याउठल्या पुढे वाकलं की तिच्यावर आणि आजूबाजूच्या बंधांवर एरवीपेक्षा बराच जास्त ताण येतो. अमेरिकेत १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर काही वेळ पुढे वाकणं टाळायला सांगून पाहिलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं.

मग पहाटेचा वर्ग बंद करायचा का? नाही. क्रम बदलायचा. पहिली पंधरा-वीस मिनिटं उभ्याची आसनं, हात-खांदे, जागच्या जागी चालणं, मांजरासारखी पाठ हळू वर-खाली करणं. पुढे वाकण्याची आसनं शेवटी. छोट्या वर्गात शिक्षिका एक साधा प्रश्न विचारू शकते: किती वाजता उठलात? चारला उठून सडा-रांगोळी करून, चालत आलेली मावशी आणि पाच वीसला गजर बंद करून धावत आलेला हॉस्टेलवरचा मुलगा यांची कंबर त्या वेळी सारखी नसते. दुसऱ्याला सूर्यनमस्काराची पहिली दोन आवर्तनं गुडघे वाकवून करायला लावणं, एवढी दुरुस्ती पुरते.

श्वास एका मोजणीत मावत नाही

मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. नीट लक्ष दिलं तर श्वास घेताना नाडी किंचित भरभर आणि सोडताना किंचित सावकाश चालते, असं अनेकांना जाणवतं. तरुणांत हा फरक ठळक, वयाबरोबर कमी होतो. मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुप्फुसं, जठर यांच्याकडे जाणारी व्हेगस नावाची लांब नस श्वास सोडताना हृदयाला लगाम लावते आणि घेताना तो सैल करते. उच्छ्वास लांबवला की लगामाचा काळ लांबतो. एरवी मिनिटाला बारा ते अठरा श्वास चालतात, ते सहाच्या आसपास आले की हृदयाची लय आणि रक्तदाबाचे चढउतार एकमेकांशी जुळू लागतात. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळ म्हणणं आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणणं या दोन्हींनी श्वास नेमका मिनिटाला सहाच्या जवळ येतो. ॐकार लांबवताना आपलंही तेच होतं. कुठल्या देवाचं नाव आहे याच्याशी व्हेगसला कर्तव्य नाही.

पण मोठ्या वर्गात माइकवरून ‘चार आकडे घ्या, आठ आकडे सोडा’ असा एकच ताल दिला जातो. दम्याच्या माणसाला आठ पेलत नाहीत. तो सहाव्याला घुसमटतो, सातव्याला खांदे उचलून धापा टाकतो, आणि शांत होण्याऐवजी छाती धडधडायला लागते. दहा जणांच्या वर्गात शिक्षिका मोजत नाही. तुमच्या मनात जेवढे आकडे येतील तेवढे घ्या, सोडताना त्याहून एक-दोन जास्त, असं सांगते आणि कुणाचे खांदे उचलले जातायत ते बघते.

लातुरात परीक्षेच्या हंगामात मुलांसाठी खास प्राणायाम वर्गांच्या जाहिराती लागतात. सावकाश श्वासाने पेपराच्या आधीची धडधड उतरायला मदत होते, झोप लागायला होते, यात शंका नाही. गुण वाढतील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्या वर्गाची पायरी चढू नये असं माझं मत.

> चौकट: पहिल्याच दिवशी शिक्षकाला हे सांगून ठेवा
>
> रक्तदाबाची गोळी चालू असेल तर: श्वास कोंडून धरायचा नाही, आणि शवासनातून उठताना आधी कुशीवर वळून थोडं थांबायचं. आडव्याचं एकदम उभं झालं की रक्त पायांत उतरतं आणि भोवळ येते.
>
> काचबिंदू असेल तर: डोकं खाली, पाय वर अशी आसनं वर्ज्य. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो.
>
> मधुमेहाचं इन्शुलिन किंवा गोळ्या असतील तर: उपाशीपोटी वर्गाला येण्याआधी डॉक्टरांना विचारा, खिशात साखर ठेवा.
>
> हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर: पाठ गोल करून पुढे वाकणं नको.
>
> हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पायात उतरणारी कंबरदुखी: लाजू नका, आधी सांगा.

पैसे भरण्याआधी

नांदेड, लातूर दोन्ही शहरांत आता गल्लोगल्ली वर्ग आहेत. प्रमाणपत्राची चौकशी जरूर करा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, विद्यापीठांच्या पदविका आहेत, नाशिकच्या योग विद्या धामसारख्या संस्थांचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत. पण प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि नजर वर्गात. म्हणून एक दिवस कोपऱ्यात बसून नुसता वर्ग बघायची परवानगी मागा. बहुतेक जण देतात.

बघायचं काय? शिक्षक तासभर पुढे उभं राहून स्वतःच आसनं करतोय का? तसं असेल तर त्याचा व्यायाम चांगला होतोय, तुमचा होईलच असं नाही. करून दाखवल्यावर तो माणसांत फिरायला हवा. दुरुस्ती नावाने होते का, की ‘सगळ्यांनी पाठ सरळ’ अशी हवेत सोडलेली? ज्याला जमत नाही त्याला काही पर्याय मिळतो, की तो गप्प बसून राहतो? खुर्च्या, चादरी, भिंतीलगतची मोकळी जागा वापरात दिसते का? वृक्षासनात तोल सांभाळताना डोळे, आतला कान आणि तळपाय तिघे मिळून काम करतात; साठीच्या पुढे यातलं एखादं मंदावलेलं असतं, म्हणून वयस्कर माणसं भिंतीपासून हातभर अंतरावर उभी केलेली असतील तर शिक्षकाला कामाची समज आहे.

आणखी एक विचारा: महिन्याच्या मध्येच नवे लोक घेता का? रोज एक नवा चेहरा आला की शिक्षकाची निम्मी नजर त्याच्याकडे जाते आणि जुन्यांना तेवढी कमी मिळते. नव्यांना एक तारखेलाच घेणारे किंवा त्यांना पहिले तीन दिवस अर्धा तास आधी बोलावून पायाभूत गोष्टी शिकवणारे वर्ग फीला थोडे महाग पडले तरी परवडतात. आणि ‘साहेब, मोठी बॅच आहे, शंभर जण येतात’ असं अभिमानाने सांगितलं गेलं, तर तिथे जायला हरकत नाही, फक्त शीर्षासन तिथे शिकू नका.